उपकरण-चालक व त्यांची स्थापना

उपकरण-चालक : संगणकाची परिचालन प्रणाली आणि संगणकातील वा त्याला जोडलेले एखादे विशिष्ट उपकरण यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारी आज्ञावली. व्यवहारात ती ‘ड्रायव्हर’ या नावाने ओळखली जाते. चित्रपटल, ध्वनियंत्रणा, जाळेजोडणी, प्रिंटर, स्कॅनर, कॅमेरा यांपैकी प्रत्येकाची अंतर्गत रचना उत्पादकागणिक निराळी असते. ती सर्व रचना परिचालन प्रणालीला आधीपासून माहीत असणे शक्य नसते. ही उणीव उपकरण-चालक भरून काढतो.

संगणकावर परिचालन प्रणाली नव्याने बसविल्यानंतर पडद्यावरील अक्षरे बोजड व विस्फारलेली दिसणे, आवाज मुळीच न येणे, बिनतारी जाळे न सापडणे, पडद्याची प्रखरता कमीजास्त न होणे, असे अनुभव पुष्कळदा येतात. ही लक्षणे यंत्र बिघडल्याची नसून बहुधा योग्य चालक अद्याप न बसविल्याची असतात. हा भेद ध्यानात न आल्यास सुस्थितीतील भाग निकामी समजून बदलले जातात, क्वचित संपूर्ण संगणकच टाकून दिला जातो. म्हणून चालकांचे कार्य व त्यांच्या स्थापनेचा क्रम यांची माहिती संगणक वापरणाऱ्या प्रत्येकास उपयुक्त ठरते.

कार्य : परिचालन प्रणालीच्या गाभ्यास कर्नल म्हणतात. एखाद्या लेखन-आज्ञावलीने फाइल साठविण्याची विनंती केली म्हणजे कर्नल ती विनंती संबंधित तबकडीच्या चालकाकडे सोपवितो. चालक तिचे रूपांतर त्या उपकरणास समजणाऱ्या आज्ञांत करतो व त्या आज्ञा उपकरणाच्या नोंद-कोशांत लिहितो. काम पूर्ण होताच उपकरण प्रक्रियकाकडे व्यत्यय-संकेत पाठविते. चालक या संकेताची दखल घेऊन कर्नलला निष्पत्ती कळवितो. या व्यवस्थेमुळे लेखन-आज्ञावली तयार करणाऱ्यास तबकडी कोणत्या कंपनीची आहे याचा विचार करावा लागत नाही. डॉस प्रणालीच्या काळात, उदा., वर्डपर्फेक्ट या लेखन-आज्ञावलीला निरनिराळ्या प्रिंटरांसाठी स्वतःचे स्वतंत्र चालक पुरवावे लागत. पुढे हे काम परिचालन प्रणालीकडे आले.

काही उपकरणांच्या बाबतीत संपूर्ण वर्गासाठी एकच प्रमाणित भाषा ठरविण्यात आली आहे. यूएसबी जोडणीचे कळफलक, माउस व पेन ड्राइव्ह ही याची उदाहरणे होत. यांच्यासाठी लागणारे वर्ग-चालक परिचालन प्रणालीतच अंतर्भूत असतात व म्हणून ही उपकरणे जोडताच चालू होतात. चित्रपटलासाठीही एक सर्वसामान्य मूलभूत चालक दिलेला असतो. तो पडद्यावर चित्र उमटवितो, पण चित्र-प्रक्रियकाची खरी क्षमता त्यास वापरता येत नाही. नव्या स्थापनेनंतर चित्र दिसते पण ते ओबडधोबड असते, याचे कारण हेच होय.

चालकाशी साम्य दिसणाऱ्या दोन गोष्टी त्यापासून वेगळ्या ओळखणे इष्ट आहे. उपकरणाच्या अंगभूत प्रक्रियकावर चालणाऱ्या आज्ञावलीस फर्मवेअर म्हणतात. चालक संगणकाच्या मुख्य प्रक्रियकावर चालतो, तर फर्मवेअर खुद्द उपकरणात चालते. मात्र अनेक बिनतारी जाळे-कार्डांना त्यांचे फर्मवेअर प्रत्येक वेळी चालकाकडूनच भरवावे लागते. दुसरी गोष्ट म्हणजे कळफलकाचा आराखडा. कोणती कळ दाबली गेली एवढेच चालक सांगतो. त्या कळीवर ‘क’ उमटावा की अन्य अक्षर, हे आराखडा ठरवितो. त्यामुळे इनस्क्रिप्ट पद्धतीने मराठी लिहिण्यासाठी कळफलकाचा नवा चालक बसवावा लागत नाही, फक्त भाषेचा आराखडा निवडावा लागतो.

ऐतिहासिक आढावा : गॅरी किल्डॉल यांनी १९७० नंतरच्या दशकात तयार केलेल्या सीपी/एम या प्रणालीत यंत्रावर अवलंबून असलेला भाग ‘बायॉस’ या नावाने वेगळा काढण्यात आला. त्यामुळे तेवढाच भाग बदलून तीच प्रणाली निरनिराळ्या यंत्रांवर चालविणे शक्य झाले. याच दशकात बेल प्रयोगशाळेत विकसित झालेल्या युनिक्स प्रणालीने उपकरणांना फाइलींचे रूप दिले व चालकांची जागा कर्नलमध्ये निश्चित केली. १९८३ मध्ये आलेल्या एमएस-डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत वापरणाऱ्यास बाहेरून चालक जोडण्याची सोय प्रथम मिळाली. त्यासाठी ‘कॉन्फिग’ नावाच्या फाइलीत चालकाच्या नावाची एक ओळ लिहावी लागे.

चालकाचा अभाव हा केवळ तांत्रिक प्रश्न नाही, हे १९८० च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत दिसून आले. तेथील कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतील एका प्रिंटरमध्ये कागद अडकल्यास त्याची सूचना सर्वांना मिळावी, यासाठी रिचर्ड स्टॉलमन यांना त्याच्या नियंत्रक आज्ञावलीत सुधारणा करावयाची होती. परंतु तिची मूळ संहिता त्यांना मिळू शकली नाही. १९८३ मध्ये त्यांनी घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पामागील प्रेरणांमध्ये या अनुभवाचा निर्देश ते स्वतः करीत आले आहेत.

आरंभीच्या वैयक्तिक संगणकांत प्रत्येक कार्डाचा व्यत्यय-क्रमांक वापरणाऱ्याने स्वतः ठरवावा लागे. त्यासाठी कार्डावरील बारीक जोड-खुंट्या हलवाव्या लागत. असे क्रमांक एकूण सोळाच असत व त्यांतील बरेचसे आधीच नियोजित असत. ध्वनिकार्ड व प्रिंटर यांच्या वाट्यास एकच क्रमांक आला, तर दोन्ही बंद पडत. १९९२ मध्ये पीसीआय ही मार्गप्रणाली आली व २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ प्रसृत झाली. उपकरणाने स्वतःची ओळख सांगावी व परिचालन प्रणालीने त्यास क्रमांक वाटून द्यावेत, ही ‘प्लग अँड प्ले’ पद्धत त्यामुळे रूढ झाली. १९९६ मध्ये यूएसबी मानकाची पहिली आवृत्ती निघाल्यावर संगणक चालू असतानाच उपकरण जोडण्याची सोय झाली. तथापि ही वाट सरळ नव्हती. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागो येथील प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या उपस्थितीत विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक चालू असता, स्कॅनर जोडताच संगणक कोलमडून पडदा निळा झाला. हा प्रसंग पुढे बराच गाजला.

ओळख पटविण्याची पद्धत : पीसीआय व यूएसबी या दोन्ही व्यवस्थांत प्रत्येक उपकरणाजवळ दोन मुख्य क्रमांक असतात. पहिला उत्पादकाचा व दुसरा त्या नमुन्याचा. प्रत्येक क्रमांक सोळा बिटांचा असल्यामुळे ६५,५३६ वेगवेगळी मूल्ये संभवतात. हे क्रमांक षोडशमान पद्धतीने लिहितात. इंटेल कंपनीचा पीसीआय क्रमांक ८०८६ हा असून तो त्याच कंपनीच्या प्रसिद्ध प्रक्रियकाच्या नावाशी जुळतो. एएमडीच्या चित्र-प्रक्रियकांचा उत्पादक-क्रमांक १००२ असा आहे.

संगणक सुरू होताना परिचालन प्रणाली हे क्रमांक वाचते व आपल्या संग्रहातील चालकांच्या यादीशी ताडून पाहते. विंडोजमध्ये प्रत्येक चालकाबरोबर एक माहिती-फाइल असते व तो कोणत्या क्रमांकांसाठी आहे हे तीत नमूद असते. जोडी जुळल्यास चालक आपोआप बसतो. न जुळल्यास ‘डिव्हाइस मॅनेजर’ या यादीत त्या उपकरणापुढे पिवळ्या त्रिकोणात उद्गारचिन्ह दिसते. सोबत दिलेला संकेतांक निदानास उपयोगी पडतो. संकेतांक २८ म्हणजे चालक बसविलेलाच नाही, तर संकेतांक १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकले नाही. ‘अज्ञात उपकरण’ एवढीच नोंद दिसली, तरी त्याच्या गुणधर्मांतील क्रमांक वाचता येतात. त्यांवरून उत्पादक व नमुना निश्चित करता येतो. संगणकाच्या पेटीवरील नावापेक्षा हा क्रमांक अधिक भरवशाचा असतो, कारण एकाच नावाच्या संगणकात निरनिराळ्या वेळी निरनिराळी कार्डे बसविलेली असू शकतात.

स्थापनेपूर्वीची तयारी : चालकांसंबंधीच्या बहुतेक अडचणी जुनी प्रणाली पुसण्यापूर्वी थोडी काळजी घेतल्यास टळतात. संगणकाचा नेमका नमुना-क्रमांक टिपून ठेवावा. चालू स्थितीत असलेल्या सर्व चालकांची प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवावी. विंडोजमध्ये यासाठी ‘पीएनपीयूटिल’ ही अंगभूत आज्ञा उपलब्ध आहे. निदान जाळेजोडणीचा चालक तरी आधी उतरवून घ्यावा. चालक मिळविण्यासाठी इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी जाळेजोडणीचा चालक हवा, अशा पेचात अनेकजण सापडतात. त्यातून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे भ्रमणध्वनी यूएसबी तारेने जोडून त्याचे इंटरनेट संगणकास देणे. या जोडणीसाठी लागणारा वर्ग-चालक बहुतेक आधुनिक प्रणालींत असतोच.

काही प्रसंगी चालकाची गरज परिचालन प्रणाली बसविण्यापूर्वीच भासते. विंडोज एक्सपीच्या काळात नव्या प्रकारच्या तबकडी-नियंत्रकांसाठी स्थापनेच्या आरंभी ‘एफ ६’ ही कळ दाबून फ्लॉपीवरून चालक द्यावा लागे. इंटेलच्या अकराव्या व त्यानंतरच्या पिढ्यांतील प्रक्रियक असलेल्या अनेक लॅपटॉपांत ही अडचण निराळ्या रूपाने पुन्हा आढळते. स्थापना चालू असता एकही तबकडी दिसत नाही व तबकडी खराब झाल्याचा ग्रह होतो. वस्तुतः तेथे इंटेलच्या साठवण-नियंत्रकाचा चालक देण्याची आवश्यकता असते. तो पेन ड्राइव्हवरून देताच तबकडी दिसू लागते.

स्थापनेचा क्रम : सर्व उपकरणांना लागू पडेल असा अनिवार्य क्रम नाही, तथापि एका भागावर दुसरा अवलंबून असल्यामुळे पुढील क्रम सोयीचा ठरतो. (१) मुख्य फलकावरील चिपसंच. अन्य मार्गप्रणाली व वीज-नियंत्रण यांची ओळख त्यातून पटते. (२) जाळेजोडणी. ती मिळाल्यावर परिचालन प्रणालीची अद्यतन-सेवा पुढील बरेचसे चालक स्वतः शोधून बसविते. (३) चित्र-प्रक्रियक. (४) ध्वनियंत्रणा. (५) स्पर्शफलक, कॅमेरा, बोटाच्या ठशाचा वाचक इ. अन्य अंगे. (६) प्रिंटर व स्कॅनर यांसारखी बाह्य उपकरणे. काही प्रिंटरांच्या बाबतीत चालक बसविण्यापूर्वी तार जोडू नये, अशी उत्पादकाची सूचना असते व ती पाळणे हिताचे असते.

चालक घेण्याचे स्थानही महत्त्वाचे आहे. प्रथम परिचालन प्रणालीची अद्यतन-सेवा, नंतर संगणकाच्या उत्पादकाचे संकेतस्थळ व त्यानंतर त्या भागाच्या उत्पादकाचे संकेतस्थळ, असा प्राधान्यक्रम ठेवावा. लॅपटॉपच्या बाबतीत संगणक-उत्पादकाने त्या नमुन्यासाठी पारखून घेतलेला चालक बहुधा अधिक स्थिर असतो. सर्व चालक एका फटक्यात बसवून देण्याचे आश्वासन देणाऱ्या त्रयस्थ आज्ञावलींपासून दूर राहावे. त्यांतील काही चुकीचे चालक बसवितात, तर काही नको त्या आज्ञावली सोबत आणतात. एका वेळी एकच चालक बसवून त्याची तपासणी करावी, म्हणजे बिघाड झाल्यास कारण शोधणे सुकर होते. नव्या चालकाने त्रास दिल्यास विंडोजमध्ये पूर्वीच्या चालकाकडे परत जाण्याची सोय आहे. संगणक सुरूच होत नसल्यास केवळ मूलभूत चालकांवर चालणाऱ्या सुरक्षित अवस्थेत तो सुरू करून दोषी चालक काढून टाकता येतो.

लिनक्समधील व्यवस्था : लिनस टॉरव्हॉल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रसृत केलेल्या लिनक्स कर्नलमध्ये चालकांची व्यवस्था वेगळ्या तत्त्वावर आधारलेली आहे. येथे बहुसंख्य चालक कर्नलच्या मूळ संहितेतच समाविष्ट असतात. किंबहुना त्या संहितेचा निम्म्याहून अधिक भाग चालकांनीच व्यापलेला आहे. आवश्यक तो चालक ‘मॉड्यूल’ या सुट्या घटकाच्या रूपाने स्मृतीत चढविला जातो व काम नसल्यास उतरविता येतो. त्यामुळे नव्या स्थापनेनंतर बहुतेक संगणकांवर वेगळे काही बसवावे लागत नाही. भारतात प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) तयार केलेली व डेबियनवर आधारलेली बॉस ही प्रणाली याच वर्गात मोडते. या केंद्राचे मुख्यालय पुणे येथे आहे.

लिनक्समध्ये अडचण येते ती मुख्यतः दोन ठिकाणी. पहिली, बिनतारी जाळे-कार्डांच्या फर्मवेअरची. हे फर्मवेअर मुक्त परवान्याखाली नसल्यामुळे डेबियनच्या अधिकृत स्थापना-संचात ते दीर्घकाळ दिले जात नसे. २०२२ मध्ये सदस्यांचे मतदान होऊन धोरण बदलले व जून २०२३ मध्ये प्रसृत झालेल्या बाराव्या आवृत्तीपासून ते संचात समाविष्ट झाले. दुसरी अडचण चित्र-प्रक्रियकांची. एनव्हीडियाने आपल्या रचनेचा तपशील बराच काळ खुला न केल्यामुळे स्वयंसेवकांना तो उलट अभ्यासाने शोधून ‘नूव्हो’ हा चालक लिहावा लागला. २०२२ मध्ये त्या कंपनीने आपल्या चालकाच्या कर्नलमधील भागाची संहिता खुली केली.

विश्वासार्हता व सुरक्षितता : चालकाचे महत्त्व तो करीत असलेल्या कामापुरतेच नसून त्यास मिळणाऱ्या अधिकारांतही आहे. सामान्य आज्ञावली कोलमडली, तर ती एकटीच बंद पडते. कर्नलमध्ये चालणारा चालक मात्र संपूर्ण स्मृतीपर्यंत पोहोचू शकतो. त्याने चुकीच्या जागी एक शब्द लिहिला किंवा वाचला, तरी सर्व संगणक थांबतो. लिनक्स कर्नलच्या २००१ मधील एका अभ्यासात उर्वरित कर्नलच्या तुलनेने चालकांतील दोषांचे प्रमाण तीन ते सात पट आढळले. चालक लिहिणारा उपकरणाचा जाणकार असला, तरी कर्नलचा जाणकार असेलच असे नाही, हे याचे एक कारण मानले जाते. मिनिक्स व क्यूएनएक्स यांसारख्या सूक्ष्म-कर्नल प्रणालींत चालक कर्नलबाहेर ठेवून हा धोका मर्यादित करण्यात आला आहे. ॲपल कंपनीनेही २०१९ पासून आपल्या मॅक संगणकांत हीच दिशा स्वीकारली.

चालक विश्वासू हातून आला आहे हे पडताळण्यासाठी अंकीय स्वाक्षरीची पद्धत वापरतात. विंडोज व्हिस्टाच्या ६४ बिटी आवृत्तीपासून स्वाक्षरीविना कर्नल-चालक स्वीकारला जात नाही. २०१६ पासून नव्या चालकांवर खुद्द मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी आवश्यक करण्यात आली. तथापि स्वाक्षरी हा मूळ सांगणारा दाखला आहे, निर्दोषपणाचा नव्हे. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक आज्ञावलीचे चालक तैवानमधील दोन कंपन्यांच्या चोरलेल्या प्रमाणपत्रांनी स्वाक्षरित केलेले होते. तसेच १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या रीतसर स्वाक्षरित सुरक्षा-चालकाने सदोष माहिती-फाइल वाचल्यामुळे जगभरातील विंडोज संगणक कोलमडले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार त्यांची संख्या सु. ८५ लाख होती. रुग्णालये, बँका व विमानसेवा विस्कळित झाल्या, तर भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे देण्यात आली. अनेक ठिकाणी प्रत्येक संगणकाजवळ जाऊन, तो सुरक्षित अवस्थेत सुरू करून ती फाइल काढून टाकावी लागली.

उपकरणांचे आयुष्य : यंत्र झिजण्यापूर्वीच त्याचा चालक कालबाह्य होतो, असे वारंवार घडते. ६४ बिटी विंडोजमध्ये ३२ बिटी कर्नल-चालक चालत नाही व २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ केवळ ६४ बिटी स्वरूपात उपलब्ध आहे. परिणामी ज्या स्कॅनरसाठी उत्पादकाने ६४ बिटी चालक काढलाच नाही, तो उत्तम स्थितीत असूनही नव्या संगणकावर निरुपयोगी ठरतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची सर्वसाधारण साहाय्य-सेवा संपुष्टात आल्याने नव्या प्रणालीकडे वळणाऱ्यांपुढे हा प्रश्न अधिक ठळकपणे उभा राहिला. खुल्या संहितेच्या चालकांना उत्पादकाच्या इच्छेवर अवलंबून राहावे लागत नाही. लिनक्सवरील ‘सेन’ या प्रकल्पामुळे असे अनेक जुने स्कॅनर आजही वापरता येतात. मात्र सांभाळणारा कोणी न उरल्यास फार जुने चालक लिनक्समधूनही वगळले जातात.

प्रिंटरांच्या क्षेत्रात चालकाची गरजच कमी करण्याकडे कल आहे. इंटरनेट मुद्रण संकेतावर आधारलेल्या प्रमाणित पद्धतींमुळे बहुतेक नवे प्रिंटर स्वतंत्र चालकाविना चालतात. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या अद्यतन-सेवेतून उत्पादकांचे प्रिंटर-चालक टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे जाहीर केले. उत्पादकांनी सामायिक मानके पाळली, तर प्रत्येक उपकरणासाठी वेगळा दुभाष्या लागत नाही. तोपर्यंत मात्र नवी परिचालन प्रणाली बसविणाऱ्याने, तसेच नवे उपकरण विकत घेणाऱ्याने, त्याच्या किमतीबरोबरच त्याचा चालक कोणत्या प्रणालींसाठी व किती काळ मिळणार आहे, याचीही चौकशी करणे श्रेयस्कर होय.